चाळणीवर राहिलेला कोंडा

रोडगा खायला डॉक्टरची परवानगी लागते, असं मला तरुणपणी कोणी सांगितलं असतं तर मी पदर तोंडाला लावून हसले असते. आता परवानगी मिळाली म्हणून हसते. यंदाच्या थंडीत ती मिळाली, आणि दवाखान्यातून घरी येताना ऑटोवाल्याला मी आपणहून सांगितलं, की बाबा, मी रोडगे खायला चालले. तो म्हणाला, खा ना आजी, कोण नाही म्हणते. त्याला काय ठाऊक, नाही म्हणणाऱ्यांची केवढी रांग होती.

माझी मूत्रपिंडं काही वर्षांपूर्वी निवृत्त झाली. आठवड्यातून तीन दिवस, सोम-बुध-शुक्र, अमरावतीतल्या एका दवाखान्यात मी डायलिसिसच्या मशीनला हात देऊन पडते, आणि माझं रक्त बाहेर फेरफटका मारून धुऊन परत येतं. पाणी मोजून प्यायचं. संत्र्याच्या मुलखात राहून संत्र्याकडे बघायचं नाही, कारण त्यात पोटॅशियम. केळं नाही, नारळपाणी नाही. हे सगळं मी समजून घेतलं होतं. समजलं नव्हतं ते एकच. मला वाटायचं, दुखणं मूत्रपिंडाचं आहे तर भीतीही त्याचीच असेल. डॉक्टर माझ्या मुलाहून लहान, पण बोलायला स्पष्ट. ते म्हणाले, "आजी, डायलिसिसवरच्या माणसाला जास्त करून हृदय दगा देतं. तुमचं हृदय जाड झालंय आणि पोटॅशियम दर वेळी वर. असंच चाललं तर एखाद दिवशी ठोका चुकेल तो परत यायचा नाही."

मी लगेच विचारलं, मग रोडग्याचं काय.

रोडगा म्हणजे काय, ते वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगते. भरड दळलेल्या गव्हाची कणीक. तिच्या लहान-लहान पोळ्या लाटून, तेलाचा हात लावून, एकीत एक गुंडाळत त्याचा गोळा करायचा आणि शेतात गोवऱ्यांच्या विस्तवात पुरायचा. वरून काळा, आतून पापुद्र्या-पापुद्र्याचा. सोबत वांग्याची भाजी. माझं माहेर अकोल्याच्या अलीकडे, मूर्तिजापूरपासून आत. तिथे माझी मोठी बहीण, आमची आक्का, अजून शेतावर राहते. दर थंडीत एका रविवारी देवाला रोडगे असतात आणि त्या दिवशी आम्ही दोघी बहिणी विस्तवाशी बसतो. आईबाप गेले, भाऊ गेला, माहेर म्हणून उरलं ते हेच. डायलिसिस सुरू झाल्यापासून दोन थंड्या माझ्या हुकल्या. दोन्ही वेळा आक्कानं फोनवर एवढंच विचारलं, "येत नाही का वं?" आणि दोन्ही वेळा मी रिपोर्टचं कारण सांगितलं. आक्काचे गुडघे आता चुलीशी बसू देत नाहीत. तिसरी थंडी हुकली तर चौथी आम्हा दोघींपैकी कोणाची असेल, हे आम्ही एकमेकींना विचारत नव्हतो.

तर डॉक्टरांनी अट घातली. पोटॅशियमचे लागोपाठचे दोन रिपोर्ट नीट आले आणि हृदयाची सोनोग्राफी आधीपेक्षा बिघडली नाही, तर जा. आणि त्यांनी मला आहारतज्ज्ञ मॅडमच्या ताब्यात दिलं.

ही मॅडम म्हणजे माझ्या थोरल्या नातीच्या वयाची पोरगी. मला वाटलं, आता आणखी काहीतरी बंद करणार. तिनं उलटंच सुरू केलं. म्हणाली, आजी, तुम्ही पोटॅशियमच्या भीतीनं भाजी-फळं सोडली, पाणी कमी, वरून गोळ्या. पोट साफ होतं का? मी इकडेतिकडे पाहिलं. चारचौघांत, मशीनवर पडल्या पडल्या, हा काय प्रश्न. ती म्हणाली, हाच प्रश्न आहे. पोटात घाण तुंबली की तिथे विष तयार होतं, ते रक्तात उतरतं, रक्तवाहिन्या कडक करतं आणि भार हृदयावर येतो. शिवाय मूत्रपिंड पोटॅशियम बाहेर टाकेनासं झालं की थोडं काम आतडं करतं, पण ते वेळेवर चालत असेल तर. म्हणून फायबर हवं. फायबर म्हणजे चोथा. न चाळलेल्या पिठाची भाकर, कोबी, दोडका, सालासकट सफरचंद. पण अंदाजानं नाही, रिपोर्ट बघून, ती सांगेल तेवढंच.

मी म्हटलं, म्हणजे मूत्रपिंड बसलं तर आतड्यानं त्याची पाळी करायची. ती म्हणाली, अगदी तसंच. मला ती पोरगी त्या क्षणी आवडली.

तिची एक अट होती. भाजी बारीक चिरायची, भरपूर पाण्यात भिजत घालायची, दुसऱ्या पाण्यात उकळायची आणि पाणी काढून टाकायचं, म्हणजे पोटॅशियम पाण्यात उतरतं. मी मान डोलावली. घरी सुनेला तर असं समजावून सांगितलं जशी पद्धत मीच शोधून काढली.

आणि मग लागोपाठ रिपोर्ट वर. एकदा तर मशीनवर असताना छातीत असं काही झालं, जणू आत कोणी उंबरठ्याला अडखळलं. नर्स धावली, ईसीजीची पट्टी काढली, डॉक्टर आले. सगळ्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. सुनेनं मला बाजूला घेऊन विचारलं, आई, खरं सांगा, संत्रं खाल्लं का? माझी ख्याती अशी, की खरं सांगूनही कोणाचा विश्वास बसेना. एकदा धाकट्या नातीच्या दप्तरात सोललेल्या फोडी सापडल्या होत्या हे खरं, पण ते जुनं प्रकरण. या वेळी मी निर्दोष होते. मला वाटलं, तपासणाऱ्यानं दुसऱ्याच कोणाचं रक्त माझ्या नावावर खपवलं.

माझ्या शेजारच्या मशीनवर अचलपूरची एक शिवणकाम करणारी बाई असते. एसटीनं येते, एसटीनं जाते. मी तिला आपा म्हणते, ती मला अम्मा म्हणते. चार तास शेजारी पडायचं म्हणजे गप्पा आल्याच. पुढच्या खेपेला मी तिला माझं दुःख सांगत होते. म्हटलं, आपा, मी तर भाजी अशी धुते की आपण भाजी आहोत हे तिचं तिला आठवत नाही. तिनं विचारलं, "और वो पानी, अम्मा?"

मी अभिमानानं म्हटलं, "वाया नाही जाऊ देत बरं. त्याच पाण्यात भाकरीचं पीठ भिजवते."

आपाच्या पलीकडे मॅडम कोणाला तरी काही समजावत होती. ती बोलायची थांबली.

आता हे पुण्या-मुंबईच्या माणसाला कळायचं नाही. मी अकोल्याकडची. आमच्याकडे नळाची वाट पाहण्यात बायकांच्या हयाती गेल्या. नळ एकदा येऊन गेला की परत कधी येईल ते त्यालाच माहीत. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं अंगणाला, अंगोळीचं झाडाला. पाणी फेकणारी बाई म्हणजे घर बुडवणारी, हे आम्ही पाळण्यात शिकलो. मला कोणी पाणी काढून टाक म्हटलं तर माझे कान ऐकतात, हात ऐकत नाहीत. आणि त्या पाण्यात भाजीचा सगळा कस उतरलाय हे मॅडमनंच सांगितलेलं. मग असला कसदार रस मोरीत? मी तो पीठ भिजवायला वापरला. भाजीतून काढलेलं पोटॅशियम मी भाकरीतून, थेंब न सांडता, पोटात पोचवत होते.

मॅडम माझ्या पायथ्याशी आली. रागावली नाही, हेच वाईट. म्हणाली, "आजी, मी रोज रात्री तुमचा रिपोर्ट घेऊन डोकं धरून बसायची." आपा तर इतकी हसली की तिच्या मशीननं बोंब मारली आणि नर्सनं तिलाच दटावलं. अचलपूरच्या एसटीत, पुढे पंधरवडाभर, ही गोष्ट अनोळखी लोकांनाही सांगितली गेली असं मला नंतर कळलं.

त्या दिवसापासून पाणी बाहेरच्या जास्वंदीला. हाताला सवय होईपर्यंत सून पातेलं माझ्या हातातून ओढूनच घ्यायची. जास्वंद अशी माजली की शेजारीण विचारायला आली, कोणतं खत घालता. मी म्हटलं, आमच्या घरचं आहे, बाजारात मिळत नाही.

मग न चाळलेल्या पिठाचं. इथे माझं जुनं पाप, पाप कसलं, जुना तोरा निघाला.

लग्न होऊन मी खेड्यातून अमरावतीत आले तेव्हा मी स्वतःला काय समजत होते, देव जाणे. नवरा कचेरीत कारकून, तरी मी साहेबीण. पहिल्याच महिन्यात मी एक बारीक चाळणी आणली. त्या चाळणीतून मी पीठ एकदा नाही, दोनदा चाळायची. माझ्या पोळ्या इतक्या पांढऱ्या आणि पातळ, की गल्लीतल्या बायका बघायला यायच्या, आणि मी "अहो, काही विशेष नाही" असं म्हणत पोळी उजेडाकडे धरायची. जो कोंडा निघायचा तो मी गवळ्याला द्यायची. तो खूश, त्याची म्हैस खूश. आता विचार केला तर आमच्या घरातलं सगळ्यात पौष्टिक जेवण त्या म्हशीनं जेवलं. तिचं हृदय शेवटपर्यंत ठणठणीत असणार. आमच्या घरात सगळे चूर्णाच्या पुड्या फाकायचे, आणि मी शेजारणींना सांगायची, अमरावतीचं पाणीच जड.

त्याच वर्षी थंडीत मी रोडग्यांना माहेरी गेले. नवी साडी नेसून शेतात, तीही टाचांच्या चपला घालून. ढेकळांतून मी कशी चालले असेन त्याची कल्पना करा. आक्कानं विस्तवातून काढलेला पहिला रोडगा झटकून माझ्या हातात दिला. मी तो तोडला, एक घास खाल्ला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "आक्का, कोंडा टोचतो गं. आमच्याकडे चाळून घेतात." आमच्याकडे म्हणजे काय, तर भाड्याच्या दीड खोल्या. आईनं विस्तव सारखा केला. मी माझ्या सुधारलेल्या दातांनी तो रोडगा कोरून कोरून खाल्ला, आणि विसरूनही गेले.

यंदा सुनेनं ती चाळणी माळ्यावर टाकली. ज्वारीची भाकर कोंड्यासकट. पहिले काही दिवस पोटानं कुरकुर केली, मॅडमनं हळूहळू वाढवायला सांगितलं होतं तेच बरोबर होतं. मग एका सकाळी पोट असं साफ झालं की मी न्हाणीघरातून बाहेर येऊन घरात जाहीर केलं. मुलगा चहा पीत होता, तो उठून गॅलरीत गेला. मला काय त्याचं. रोज सकाळी मी मॅडमला फोनवर बातमी द्यायची आणि ती माझ्याइतकीच आनंदित व्हायची. जगात अशी एक पोरगी असावी, जिला ही बातमी ऐकायची असते.

पहिला रिपोर्ट नीट. दुसरा नीट. मग सोनोग्राफी. डॉक्टर बराच वेळ चित्राकडे बघत राहिले. माझ्या मनात रोडगे फुटायच्या बेतात. ते म्हणाले, "हृदय जसं होतं तसंच आहे. वाढलं नाही. नुसत्या कोंड्यानं हे होत नाही, पण पोटॅशियम ताळ्यावर आलं हे फार झालं."

जसं होतं तसंच. तरुणपणी कोणी मला असं म्हटलं असतं तर मी अपमान मानला असता. या वयात ते बक्षीस आहे. फक्त रविवार नको म्हणाले, शुक्रवारनंतर मशीन थेट सोमवारी, रविवारपर्यंत रक्तात बरंच साचतं. शनिवारी जा, एक रोडगा खा, भाजी धुऊन उकळलेली, पाणी या कपाएवढं, आणि जेवणासोबतची गोळी विसरू नका.

आक्काला फोन केला. मला धाकधूक, कारण देवाचा वार रविवार. आक्का म्हणाली, "देवाले मी सांगीन. तो काय कॅलेंडर पाहून जेवते का?"

शनिवारी मुलानं गाडी काढली. बडनेरा ओलांडल्यापासून मी काच खाली करून बसले. मुलगा म्हणे, आई, थंडी आहे. मी म्हटलं, राहू दे. तुरीची शेतं कापलेली, कापसाच्या शेवटच्या वेचणीला बायका लागलेल्या, आणि कुठून तरी गोवऱ्यांचा धूर. मूर्तिजापूर आलं तेव्हा मी आपोआप नाडीवर बोट ठेवलं. आनंदानंही ठोका चुकतो की काय, हे मॅडमला विचारायचं राहून गेलं होतं.

आक्का बांधावरच उभी होती, काठी टेकून. मिठी वगैरे आमच्यात नाही. तिनं माझा हात हातात घेतला, जिथे मशीनच्या सुया टोचतात तिथल्या गाठीवर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "वाळली वं." मग लगेच तक्रार, की तुझ्या सांगण्यावरून वांग्याचं पाणी दोनदा फेकलं, ते वांगं आता कोणाकडे पाहायच्या लायकीचं राहिलं नाही. मी म्हटलं, अकोल्याकडची असून तू पाणी फेकलंस, हे मी विसरणार नाही.

विस्तव फुलला होता. परातीवर फडकं झाकलेलं. आक्कानं ते मोठ्या झोकात उचललं, जसं काही आत दागिना आहे.

आत पांढरंशुभ्र पीठ.

"तुयासाठी बारीक चाळणीतून काढलं," आक्का म्हणाली. "दोनदा. हात भरून आले माये. म्हटलं, लय दिवसानं येऊन राहिली, तिले टोचाले नको."

ज्या कोंड्यासाठी मी महिनोन्‌महिने भाकरी चावल्या, ज्याच्या आधारानं इथवर आले, तो या रोडग्यातून गायब. आणि काढायला सांगणारी कोण? टाचांच्या चपला घालून ढेकळांत लचकणारी ती साहेबीण. बाई गेली, पण तिची फर्माईश आक्कानं इतकी वर्षं जपून ठेवली होती.

मी विचारलं, "आक्का, कोंडा कुठे?"

"म्हशीले ठेवला. काहून?"

पुढचं मला नीट आठवत नाही. मी धावले एवढं खरं. डायलिसिसवरची बाई, साडी वर खोचून, गोठ्याकडे. मागून मुलगा "आई, आई" करत. गोठ्यात म्हैस उभी, शेजारी बादलीत सरकीची ढेप, म्हणजे पेंड, भिजत घातलेली, आणि दावणीच्या भिंतीवर कोंड्याचं टोपलं, कोरडं, स्वच्छ, अजून ढेपेत न मिसळलेलं. म्हशीनं मान लांबवली होती. मी टोपलं उचललं तेव्हा तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं अमरावतीच्या गवळ्याची ती म्हैस तिची कोणी आजी लागत होती आणि घराण्याचा हक्क मी मोडत होते.

टोपलं छातीशी धरून मी तिथेच ओट्यावर बसले. छाती धडधडत होती. मुलानं घाबरून मनगट धरलं. मीही दुसऱ्या हाताच्या बोटानं गळ्याशी ठोका शोधला. जोरात होता, पण ओळीत होता. एक, मग एक, मग एक. कुठे अडखळणं नाही. मी मुलाला म्हटलं, ऐक, काय सुरेख चाललंय.

आक्का काठी टेकत टेकत पोचली. तिला काही कळेना. "तुनंच तं म्हटलं होतं वं," ती म्हणाली, "मले कोंडा टोचते म्हणून. आईच्या समोर."

इतक्या वर्षांत तिनं ते पहिल्यांदा तोंडातून काढलं.

मी म्हटलं, "ते पोरगी येडी होती आक्का. पीठ चाळून ठेवत होती अन् अक्कल कोंड्यासंग म्हशीले देत होती."

आधी आक्काच्या खांद्यांतून हसू निघालं, मग पोटातून, मग ती काठीसकट माझ्या शेजारी ओट्यावर बसली आणि आम्ही दोघी त्या टोपल्यावर ओणव्या होऊन हसत राहिलो. मुलगा दोघींच्या नाड्या धरू की काय अशा विचारात.

मग कोंडा परातीत परत गेला. सगळाच नाही, मॅडमनं हळूहळू म्हटलेलं लक्षात होतं. पीठ मळलं. आक्काचे गुडघे खाली बसू देईनात, म्हणून तिनं बाजेवर बसून हुकूम सोडले आणि मी लाटलं, गुंडाळलं, विस्तवात पुरलं. ती म्हणाली, तुले अजून गोळा वळता येत नाही. मी म्हटलं, शिकव मग, पुढच्या थंडीत येते. तिनं गोवऱ्या सारख्या करायची काठी माझ्या हातात दिली.

रोडगा निघाला. मी झटकला, तोडला, वांग्याच्या केविलवाण्या भाजीत बुडवला, गोळी घेतली आणि पहिला घास घेतला. आक्का माझ्या तोंडाकडे बघत होती, इतक्या वर्षांपूर्वी जशी बघत होती अगदी तशीच.

"टोचते का वं?"

"टोचते," मी म्हटलं. "चांगलं टोचते."

तिनं दुसरा रोडगा पुढे केला. परवानगी एकाची होती. तो मी फडक्यात बांधून घेतला, सोमवारी आपासाठी, मॅडमला विचारून. निघताना आक्कानं म्हशीला चारा घातला, वरून ढेपही घातली, तरी ती आम्ही गाडीत बसेपर्यंत माझ्याकडे पाठ करून उभी होती.